मशीनच्या आत छपन्नावं स्तोत्र

मेंदूच्या आवरणावर वाढलेली गाठ काढून झाली, ती कर्करोगाची नाही हेही कळलं, तरी दर वर्षी एमआरआय करावा लागतो. अशी गाठ कधी कधी परत येते, म्हणून लक्ष ठेवायचं. त्यामुळे माझी भीतीही दर वर्षी न चुकता येते. तारीख जवळ आली की झोप उडते. डोकं जरा ठणकलं तरी मन थेट ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन पोचतं. मी ख्रिस्ती विश्वासात वाढलेली बाई आहे, रोज प्रार्थना करते, आणि तरीही हे होतं. "विश्वास असेल तर भीती वाटायची नाही," हे मला बऱ्याच जणांनी प्रेमानं सांगितलंय. पण या वाक्यानं आजारी माणूस फार एकटा पडतो. त्याला भीती वाटतच असते, वर आता आपला विश्वासही खोटा की काय, ही नवी धास्ती.

माझ्या बाबतीत भीती एक नव्हतीच, दोन होत्या. एक गाठीची. दुसरी तिच्या आड लपलेली, आणि जास्त खोल: देवानं मला शिक्षा केली आहे ही. आजारपणात भेटायला आलेल्या एकांनी माझा हात हातात घेऊन म्हटलं होतं, "कुठं काही पाप राहिलंय का बघ, कबूल कर, म्हणजे बरी होशील." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या रात्रीपासून मी प्रार्थनेला बसले की स्वतःची उलटतपासणी सुरू व्हायची. शाळेतलं खोटं बोलणं, आईला दिलेली उलट उत्तरं, जावेबद्दल मनात धरलेला राग. यातल्या कशाची ही किंमत असेल? ज्याच्याकडे धावत जायचं त्याच्याच हातात छडी दिसत होती, मग धावायचं कुणाकडे?

ही दुसरी भीती गेली. कायमची गेली, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगते. आमच्या चर्चच्या पाळकांनी मला बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय वाचायला सांगितला. जन्मांध माणूस समोर आहे आणि शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? अगदी माझाच प्रश्न. येशू दोन्ही नाकारतो. याचंही नाही, आईबापांचंही नाही. मग तो थुंकीनं चिखल करतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. शिष्यांना तो माणूस म्हणजे वादाचा विषय होता. येशूनं त्याला हात लावला. त्याच आठवड्यात मी योहानाचं पहिलं पत्र काढलं. चौथ्या अध्यायातलं अठरावं वचन मला लहानपणापासून पाठ होतं, पूर्ण प्रीती भीती घालवून देते. पण त्या ओळीतली भीती कसली, हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. योहान तिथे न्यायाच्या दिवसाबद्दल, शिक्षेच्या भीतीबद्दल बोलतो आहे. आणि माझी शिक्षा तर येशूनं वधस्तंभावर भोगून झालेली आहे. हे मी रविवारच्या शाळेपासून म्हणत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्याबद्दल आहे असं वाटलं, आणि मी खूप रडले.

पहिली भीती मात्र आहे. तिच्याशी कसं वागायचं हे मला बायबलमधल्या, पुढे राजा झालेल्या दाविदानं शिकवलं, तेही गल्याथ या धिप्पाड योद्ध्याला पाडणाऱ्या नव्हे, गथात सापडलेल्या दाविदानं. बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या छपन्नाव्या स्तोत्राच्या मथळ्यात म्हटलंय की पलिष्ट्यांनी, म्हणजे शत्रूच्या लोकांनी, त्याला गथ इथे धरलं तेव्हाचं हे गीत आहे. गथ म्हणजे गल्याथाचं गाव. बायबलच्या १ शमुवेल या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात ती सगळी हकीकत येते. शौल राजापासून जीव वाचवत पळणारा दावीद नोब इथल्या याजकाकडून तलवार मागून घेतो. तिथे एकच तलवार असते, गल्याथाची. ती घेऊन तो त्याच दिवशी शत्रूच्याच मुलखात, आखीश राजाकडे जातो. तिथले लोक त्याला ओळखतात. दावीद फार घाबरतो, आणि वेड्याचं सोंग घेतो: दारांवर रेघोट्या ओढतो, दाढीवर लाळ गाळतो. देवाच्या अभिषिक्ताची, त्यानं निवडलेल्या माणसाची, ही अवस्था पवित्र शास्त्रानं झाकून ठेवलेली नाही, याचं मला फार मोल वाटतं. आणि त्याच माणसाच्या तोंडी स्तोत्रात लागोपाठच्या दोन वचनांत दोन्ही गोष्टी येतात. मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन, हे आधी. मी भिणार नाही, हे नंतर. आधी घाबरणं, त्या घाबरण्यातच देवाकडे वळणं, आणि मग धीर. पुढे आठव्या वचनात तर तो देवाला म्हणतो, माझी आसवं तुझ्या बुधलीत भरून ठेव. म्हणजे देव रडू नको म्हणून दटावत नाही, रडलेलं साठवून ठेवतो.

हे स्तोत्र मी मशीनच्या आत म्हणते. ज्यांनी एमआरआय केला नाही त्यांना सांगते, डोकं एका साच्यात बसवतात आणि चेहऱ्यावर पिंजऱ्यासारखी जाळी येते. कानात बोळे, हातात रबराचा फुगा. घाबरलात तर दाबा, म्हणतात. मग टेबल आत सरकतं आणि ठोके सुरू होतात. जबरदस्त चुंबकीय क्षेत्रात वेटोळ्यांमधला विजेचा प्रवाह झरझर बदलतो, त्या हादऱ्यांचा तो आवाज. हे कळल्यापासून आवाजाचा धसका थोडा कमी झाला. ओठ हलवायचे नाहीत, म्हणून मनातच म्हणायचं. ठोके संथ असले की संपूर्ण स्तोत्र, जलद झाले की फक्त "तुझ्यावर भरवसा, तुझ्यावर भरवसा". मध्येच थांबून शिरेत औषध सोडतात, हात गार पडत जातो, आणि पुन्हा पहिल्यापासून. तेच ते म्हणण्याची आधी लाज वाटायची. पण अटक व्हायच्या आधी गेथशेमाने बागेत येशूनंही तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असं मत्तयानं लिहून ठेवलंय. डॉक्टरांनी आधी घ्यायला दिलेली गोळीही मी घेते. ती घेतल्यानं माझा भरवसा कमी झाला असं मला मुळीच वाटत नाही.

आमच्या मंडळीतल्या एक मावशी एका स्कॅनला माझ्याबरोबर आल्या होत्या. बाहेरच्या खुर्चीवर त्यांनी माझा हात धरला, डोळे मिटले आणि एवढंच म्हणाल्या, "प्रभू, हिला भीती वाटते. तू हिच्याजवळ बस. आमेन." वचन सांगितलं नाही, समजूत घातली नाही. माझं नाव पुकारलं तोवर हातही सोडला नाही. आत गेल्यावर फुगा धरलेल्या तळव्याला त्यांच्या हाताची ऊब बराच वेळ जाणवत होती.

यंदाचा स्कॅन पुढच्या आठवड्यात आहे. काल रात्री जाग आली तेव्हा छाती धडधडत होती. उठून पाणी प्यायले, स्तोत्र म्हटलं, पहाटे कधीतरी डोळा लागला. मावशी या वेळीही येणार आहेत. तुमच्या प्रार्थनेत माझी आठवण असू द्या, आणि माझ्यानंतर त्या मशीनमध्ये जाणाऱ्या माणसाचीही.