प्रश्न तयार ठेवा, पाहुणे येतायत

घरी फोन केला की एक प्रश्न हमखास येतो, "काय गं, तिकडे शाळेत अभ्यास-बिभ्यास असतो का नुसतंच खेळणं?" मावशी विचारते, मैत्रिणी विचारतात, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, लेक इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत इयर टूला आहे, म्हणजे सहा-सात वर्षांची मुलं, आणि मी अधूनमधून दुपारी तिच्याच शाळेत मुलांचं वाचन ऐकायला जाते (पालकांना अशी मदत करता येते, आधी पोलीस रेकॉर्डची तपासणी होते), त्यामुळे वर्गात काय चालतं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

अभ्यास असतो, आणि चांगला दमवणारा असतो. रोज सकाळी फोनिक्स (अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकणं), मग गणित, मग लेखन. इयर वनच्या शेवटी जूनमध्ये सगळ्या मुलांची एक तपासणी होते, 40 शब्द वाचायचे, त्यातले 20 खरे आणि 20 चक्क बिनअर्थाचे, म्हणजे मूल पाठांतरावर वाचतंय की आवाज जोडून वाचतंय ते कळतं. बिनअर्थाच्या शब्दाशेजारी एका परग्रहवासीयाचं चित्र असतं त्यामुळे मुलांना तो खेळच वाटतो. पण मला ज्याबद्दल लिहायचंय ते हे नाही, मला लिहायचंय वर्गात येणाऱ्या पाहुण्यांबद्दल.

आपल्याकडे शाळेत पाहुणे म्हटलं की स्टेज, हार, स्वागतगीत आणि मग भाषण. इथे पाहुणा येतो तो वर्गात, मुलं जमिनीवर कार्पेटवर बसलेली, पाहुणा त्यांच्यासमोर छोट्या खुर्चीवर, आणि बोलायचं काम निम्म्याहून जास्त मुलांचं. त्याची तयारी आदल्या दिवशी होते. बाई विचारतात उद्या अमुक येणार आहेत, आपल्याला त्यांच्याकडून काय काय जाणून घ्यायचंय? मग मुलं छोट्या व्हाइटबोर्डवर प्रश्न लिहितात, कोण, काय, कधी, का, कसं यातला एक तरी शब्द त्यात हवा. एवढ्या लहान मुलांना प्रश्न विचारणं सोपं नसतं हे मला तिथे बसून कळलं, हात वर करतात आणि सांगतात "माझ्या आजीकडे पण कुत्रा आहे". बाई न चिडता म्हणतात, छान, पण ही माहिती झाली, आता याचाच प्रश्न कर बघू. मग ते मूल डोकं खाजवत "तुमचा कुत्रा रात्री कुठे झोपतो?" पर्यंत येतं. माझ्या मते वर्षभरात शिकवलेल्या सगळ्यात मोलाच्या गोष्टींपैकी ही एक आहे.

या टर्मला विषय होता लंडनची मोठी आग. 2 सप्टेंबर 1666 ला पहाटे पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत आग लागली, उन्हाळा कोरडा गेलेला, घरं लाकडी आणि गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरचे वरचे मजले जवळजवळ एकमेकांना टेकलेले, त्यात पूर्वेकडून जोराचा वारा. चार दिवसांत 13,200 घरं आणि 87 चर्च जळाले. सॅम्युअल पेपीस नावाच्या अधिकाऱ्याने रोजनिशीत हे सगळं लिहून ठेवलंय, आणि आग जवळ आल्यावर त्याने आपलं चीज आणि वाइन बागेत खड्डा खणून पुरलं, ही गोष्ट वर्गातल्या एकूण एक मुलाला पाठ आहे. आमच्या घरी तर जेवताना चीज दिसलं की पेपीसचा विषय निघतोच.

मुलांनी सीरियलच्या रिकाम्या खोक्यांची घरं केली, काळे लाकडी वासे रंगवले, आणि मग एक दिवस फायर ब्रिगेडची गाडी शाळेत आली. ग्राउंडवर घरांच्या दोन ओळी मांडल्या, एकीत घरं चिकटून, दुसरीत मोकळी जागा सोडून. आधी मुलांना विचारलं काय होईल, मग पाइप हातात घेऊन फायर ब्रिगेडची माणसं उभी राहिली आणि दोन्ही ओळींचं पहिलं घर पेटवलं. चिकटलेली ओळ बघता बघता गेली, दुसऱ्या ओळीत दोन घरं जळून आग थांबली. आगीनंतर लंडनमध्ये विटांची घरं आणि रुंद रस्ते करायचा कायदा का झाला हे वेगळं सांगायची गरजच पडली नाही.

पण मला त्याहून जास्त लक्षात राहिलं ते नंतर वर्गात झालं. फायर ब्रिगेडमधली एक बाई, बहुतेक तिशीची असेल, मुलांसमोर एकेक वस्तू अंगावर चढवत गेली, आधी बूट आणि जाड पँट, मग कोट, मग पाठीवर हवेचा सिलिंडर, मग मास्क, शेवटी हेल्मेट. मास्क लावल्यावर तिचा श्वास घोरल्यासारखा ऐकू यायला लागला आणि पुढची दोन मुलं घाबरून मागे सरकली. ती तशीच गुडघ्यांवर रांगत कार्पेटवर आली, हात पुढे केला, एका मुलाने हळूच टाळी दिली, मग सगळ्यांनी दिली. मग मास्क काढून तिने सांगितलं की धुरात आम्ही असेच दिसतो आणि असाच आवाज येतो, काही मुलं आम्हाला बघून घाबरतात आणि कपाटात, कॉटखाली लपतात, मग आम्हाला ती सापडत नाहीत, तर तुम्ही लपायचं नाही, ओरडून आम्हाला बोलवायचं. माझ्या अंगावर काटा आला. आपल्याकडे बिल्डिंगमध्ये मॉक ड्रिल होतं, पण लहान मुलांना हे एवढं एक वाक्य कुणी सांगतं का? वाचणाऱ्यांपैकी कुणी शिक्षक असेल तर जवळच्या अग्निशमन केंद्रात एकदा नक्की विचारून बघा.

पाहुणे घरचेही चालतात. गेल्या वर्षी इयर वनला 'पूर्वीची खेळणी' असा विषय होता आणि शाळेने आजी-आजोबांना बोलावलं होतं, नेमके माझे सासू-सासरे तेव्हा साताऱ्याहून आलेले. अण्णा भोवरा घेऊन गेले. इंग्रजी फार येत नाही म्हणून आधी नको नको म्हणत होते, पण जाळी (भोवऱ्याची दोरी) गुंडाळायला सुरुवात केली आणि वर्ग चिडीचूप. आरेपासून, म्हणजे खालच्या खिळ्यापासून, वर घट्ट वेढे, टोक बोटात अडकवलेलं, मनगटाचा एक झटका, आणि भोवरा फरशीवर उभा राहून गुणगुणायला लागला. दुसऱ्यांदा त्यांनी तो थेट तळहातावर घेतला तेव्हा तर मुलांनी आरडाओरडाच केला. प्रश्न आला, "तुम्हाला हे कुणी शिकवलं?" अण्णा म्हणाले, मोठ्या भावाने, गुरं राखताना. मी भाषांतर केलं तर लगेच पुढचा प्रश्न, गुरं पळून गेली नाहीत का?

आईंनी पाच खडे मांडले, एक वर उडवून खालचा उचलायचा, आपला नेहमीचा खेळ. तेवढ्यात शेजारी बसलेल्या एका इंग्लिश आजी खुर्चीवरून उठून खालीच बसल्या, म्हणाल्या हे तर आमचं फाइव्हस्टोन्स! मग दोघी आळीपाळीने खेळत बसल्या, एकीला मराठी येतं, एकीला इंग्लिश, काही अडलं नाही. पाहुणे गेल्यावर मुलं आभाराचं पत्र लिहितात, तो झाला त्या आठवड्याचा लेखनाचा तास. अण्णांना आलेली पत्रं त्यांनी साताऱ्याला नेऊन गल्लीत सगळ्यांना दाखवली.

आपल्या झेडपीच्या शाळांमध्ये बाल आनंद मेळावा भरतो, मुलं भाजी-भेळ विकून हिशेब करतात, तेही याच जातीचं शिक्षण आहे आणि मला त्याचं फार कौतुक आहे. त्याच्या जोडीला गावातला वायरमन, कुंभार, पोस्टमन, आशाताई असे लोक वर्गात यायला कितीसा खर्च येणार आहे?

आता ईस्टरच्या सुट्टीनंतर वर्गात इन्क्युबेटर येणार आहे. कोंबडीचं अंडं उबायला 21 दिवस लागतात, पण शाळेत ती शेवटच्या काही दिवसांसाठीच आणतात, म्हणजे मुलांच्या डोळ्यांसमोर पिल्लं बाहेर येतात आणि थोडे दिवस सांभाळून परत फार्मवर जातात. अंडी घेऊन फार्मवरची माणसं येणार, त्यामुळे घरी प्रश्नांची यादी चालू आहे. लेकीचा पहिला प्रश्न, "आत असताना पिल्लू श्वास कुठून घेतं?" कवचाला बारीक छिद्रं असतात हे मला माहितीय, पण मी सांगितलेलं नाही, तिचं तिलाच विचारू दे.