आमची वाटचाल : नकाशा आणि बांधकाम एकाच कचेरीत

२००८ साली सोलापुरात आम्ही काम सुरू केले, तेव्हा रिवाज ठरलेला होता. नकाशा एकाने काढायचा, बांधकाम दुसऱ्याने घ्यायचे, आणि भिंतीला तडा गेला की दोघांनी एकमेकांवर ढकलायचे. मधल्यामध्ये अडकायचे संस्थाचालक. म्हणून आम्ही दोन्ही कामे एकाच कचेरीत आणली, आणि तीही फक्त शाळा-महाविद्यालयांच्या आवारातली.

स्लॅब भरायच्या दिवशी आमचा ड्राफ्ट्समन साइटवर असतोच. तुळई-खांबाच्या जोडात सळ्यांची किती दाटी झाली, काँक्रीट दाटून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई आत शिरते का, हे त्याला तिथे दिसते. पुढचा नकाशा तो त्याच हिशेबाने काढतो.

शाळेच्या कामात खरी कसोटी मे महिन्याची. वर्गाच्या मध्ये खांब चालत नाही, त्यामुळे तुळई बहुधा ६ मीटरपेक्षा लांब होते. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे अशा तुळईखालचे टेकू साध्या पोर्टलँड सिमेंटलाही किमान २१ दिवस काढता येत नाहीत. मिश्र (फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग मिसळलेले) सिमेंट असेल तर त्याहून जास्त थांबावे लागते. मजला वाढवताना हे टेकू खालच्या वर्गातच उभे असतात. जूनच्या मध्यावर शाळा उघडायची, तर स्लॅब मेच्या पहिल्या आठवड्यात पडलाच पाहिजे. मग सेंट्रिंगचे सामान (साचे आणि टेकू), सळ्या, पाण्याचे टँकर, सगळे मार्चमध्येच ठरवतो. उन्हाळ्यात इथे पाण्याची मारामार, पण क्युरिंगमध्ये, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्यात, आम्ही तडजोड करत नाही. मुले त्या छताखाली बसणार आहेत.

दुसरा विषय काळ्या मातीचा. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि हलकी इमारत वरखाली होते. जिथे ही माती खोल आहे तिथे आम्ही पायाला अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब, घेतो; किमान ३.५ मीटर खोल, खाली दांड्याच्या साधारण अडीचपट व्यासाचा फुगवटा. तेवढ्या खोलीवर ओलावा फारसा बदलत नाही. खर्च वाढतो, आणि तो का वाढतो हे संस्थेला समजावण्यात बैठका जातात. जाऊ देत.

काम संपल्यावर जसे बांधले तसे नकाशे आम्ही संस्थेच्या हवाली करतो : जमिनीखालची केबल, ड्रेनेजचे चेंबर, पाण्याची लाइन, सगळे मोजमापासह. आवार वर्षानुवर्षे वाढत राहते, प्राचार्य बदलतात, प्लंबर बदलतो. नकाशा नसेल तर प्रत्येक नव्या कामाला आधी खोदून बघावे लागते. सध्या एका संस्थेच्या स्वतःच्या सुपरवायझरला ही नोंद ठेवायला शिकवत आहोत. येत्या उन्हाळ्यात तिथली छोटी कामे तेच करतील, आम्ही फक्त सळ्या तपासायला जाऊ.