तुम्ही विचारलंत म्हणून: मी प्रपोजल का घालत नाही

"मॅडम, आता तर एवढ्या नव्या योजना आल्यात, तुम्ही संशोधनाच्या निधीसाठी प्रपोजल का घालत नाही?" पर्वरीच्या बैठकीत विचारतात, ताळगावला विद्यापीठात गेले की विचारतात, परवा एका लग्नाच्या पंगतीतही विचारलं. मी "बघू, वेळ मिळाला की" म्हणून सुटका करून घेते. ते खरं नाही. वेळ आहे.

योजनाही माहीत आहेत. संशोधनाला निधी देणारं केंद्राचं मंडळ, एसईआरबी गेलं, फेब्रुवारी 2024 पासून त्याच्या जागी एएनआरएफ हे प्रतिष्ठान आलं. पाच वर्षांत 50,000 कोटी, त्यातले 36,000 कोटी सरकारबाहेरून उभे करायचे. त्यांच्या 'पेअर' योजनेत मोठी संस्था हब, म्हणजे केंद्र, आणि विद्यापीठं स्पोक, म्हणजे तिला जोडलेली; आमचं पदवी कॉलेज त्यात बसत नाही. 'टेअर' योजनेत बसतं: शिक्षकाने आपली नोकरी सांभाळून मोठ्या संस्थेत संशोधन करायचं, आणि दोना पावलाची समुद्रविज्ञान संस्था तर दारातच आहे. म्हणजे वाट नाही असं मी म्हणूच शकत नाही.

माझं काम खाजनातलं, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतातलं. खाऱ्या जमिनीत येणाऱ्या कोरगूट भाताच्या मुळांशी राहणारे, खारेपणा सोसणारे जिवाणू. मार्च ते मे माती सगळ्यात खारट असते, पहिल्या मोठ्या पावसाने मीठ धुऊन जातं. ते नमुने चुकले की वर्ष गेलं.

माझ्या प्रोजेक्टवर वाळपईची एक मुलगी जेआरएफ, म्हणजे मानधनावरची संशोधन साहाय्यक होती. म्हापशाला खोली घेऊन राहायची. पहाटेची फेरीबोट पकडून चोडण बेटावर जायची, मानशीपासून, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या दारापासून, पावलं मोजत माती घ्यायची. प्रत्येक बाटलीवर तारीख, जागा, भरती की ओहोटी, सगळं बारीक अक्षरात. 2023 च्या गणेश चवथीच्या महिन्यापासून, सप्टेंबरपासून, तिचं मानधन थांबलं. 37,000 रुपये महिना, सात महिने. मध्ये एकदा टेबलावर ट्यूब्जचं बिल दिसलं. तिने स्वतःच्या पैशांनी आणल्या होत्या. मी पैसे पुढे केले तर म्हणाली, "राहू दे मॅडम, लिमिट आलं की एकदमच घेईन."

आता प्रोजेक्टचा पैसा खात्यात येत नाही, खर्चाची मर्यादा येते, तेच लिमिट; 31 मार्चपर्यंत वापरलं नाही तर संपतं. लिमिट आलं 26 मार्चला, मंगळवारी. शुक्रवारी गुड फ्रायडे, रविवारी 31 तारीख. हाताशी नीट तीन दिवस. आमचे चेकर, म्हणजे ऑनलाइन पेमेंट मंजूर करणारे, महिन्यापूर्वी निवृत्त झालेले, ओटीपी अजून त्यांच्याच मोबाईलवर जाणारा. नंबर बदलायचा अर्ज केला, बँकेत दोनदा गेले, दिल्लीला फोन लावत बसले. गुरुवारी संध्याकाळी ती लॅबच्या दारात उभी होती. काही विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बाटल्या फ्रिजमध्ये लावायला गेली. 31 ला लिमिट शून्य झालं.

एप्रिलमध्ये तिने सांगितलं, जूनपासून शाळेत लागतेय, मधल्या काळात घरी शिकवण्या घेईन. मी थांब म्हटलं नाही. कशाच्या जोरावर म्हणणार? थकबाकीचे 2,59,000 रुपये तिला सप्टेंबरात मिळाले. तोवर तिच्या हातात खडू आलेला होता.

आणि यात माझाही दोष आहे. आधीच्या वर्षाचं यूसी, म्हणजे निधी कसा खर्च झाला त्याचं प्रमाणपत्र, एप्रिलमध्ये जायला हवं होतं. कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाची धांदल होती, ऑडिटरची सही घ्यायला मी जुलै उजाडू दिला. पुढचा हप्ता त्यावरच अडला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पण तीन महिन्यांचा उशीर माझा, आणि सात महिने उपाशी ती, हा कुठला हिशेब?

2015 साली मीच स्टाफरूममध्ये ठणकावलं होतं, अर्ज न करणाऱ्यांनी निधी नाही म्हणून रडू नये. तेव्हा यूजीसीचा मायनर प्रोजेक्ट, म्हणजे छोटा संशोधन प्रकल्प, हातात होता. पैसा कॉलेजच्या खात्यात असायचा, मार्च उलटला म्हणून कुणाचं मानधन बुडत नव्हतं. ते मायनर प्रोजेक्ट बंद झाले आणि आमच्यासारख्यांची पहिली पायरीच गेली. पण तेव्हाची मी आजही वाद घालते: देशभर खात्यांत पैसा पडून राहायचा, तो असाच राहू द्यायचा होता का? जून 2025 मध्ये खरेदीचे नियम सैल केले, जेम या सरकारी खरेदी पोर्टलच्या बाहेरून उपकरणं घ्यायची मुभा मिळाली, थेट खरेदी 1 लाखावरून 2 लाखांवर नेली, ते तुला दिसत नाही का? दिसतं. तिला खोडून काढता येत नाही. मी एवढंच म्हणते की उपकरण उशिरा आलं तरी चालतं, त्याला खोलीचं भाडं भरायचं नसतं.

गेल्या महिन्यात पुन्हा फॉर्म उघडला. शीर्षक भरलं, सारांश भरला, उपकरणांची यादी भरली. मनुष्यबळाच्या रकान्यात 'जेआरएफ, 1' लिहिलं आणि हात थांबला. ड्राफ्ट तसाच सेव्ह केलेला आहे. शेवटच्या तारखेला अजून अकरा दिवस आहेत.