तुम्ही विचारलंत म्हणून: मा रेनी ऐकायची कुठून?

२०२० साली १९२० च्या दशकातल्या अमेरिकन ब्लूज गायिका मा रेनीवरचा 'मा रेनीज ब्लॅक बॉटम' हा चित्रपट आला आणि तेव्हापासून हा प्रश्न हमखास येतो. चित्रपट पाहून लोक मूळ गाणी शोधायला जातात, पहिलंच गाणं लावतात आणि दुसऱ्या मिनिटाला बंद करतात. मग विचारणा होते: बेसी स्मिथ ही दुसरी ब्लूज गायिका त्याच काळातली, तिचे शब्द तरी कळतात. हिच्या रेकॉर्ड एवढ्या का खरखरतात? आवाजच तसा होता का? आणि सुरुवात कुठून करायची?

आवाज ठणठणीत होता. (चित्रपटातली बहुतेक गाणी मॅक्सेन लुईस या गायिकेने नव्याने गायलेली आहेत, तेव्हा तो आवाज डोक्यातून काढून टाकलेला बरा.) घोळ कंपनीचा आहे. गरट्रूड 'मा' रेनी १९२३ ते १९२८ या सहा वर्षांत जे काही गायली ते सगळं पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीसाठी, आणि पॅरामाउंट ही मुळात विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची शाखा. फोनोग्राफची लाकडी कॅबिनेटं खपावीत म्हणून त्यांनी तबकड्या काढल्या. कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीची १२००० क्रमांकाची मालिका उत्तम चालली, ७५ सेंटला एक तबकडी, शिकागो डिफेंडर या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रात जाहिराती, टपालाने विक्री. पण कंपनीचा हात शेवटपर्यंत आखडताच राहिला.

खरखर एका प्रकारची नाही, तीन प्रकारची आहे. ती वेगळी ओळखता आली की अर्धं काम झालं.

पहिली गोष्ट भोंग्याची. डिसेंबर १९२३ मध्ये शिकागोत लव्ही ऑस्टिन (पियानो), टॉमी लॅडनियर (कॉर्नेट) आणि जिमी ओब्रायंट (क्लॅरिनेट) यांच्या साथीने तिची पहिली आठ गाणी झाली, ती विजेशिवाय. गायिका भोंग्यात गाणार, त्या दाबाने पडदा हलणार आणि सुई मेणात खाच कोरणार. आपल्याकडे बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका झाल्या त्या याच पद्धतीने. या पद्धतीत साधारण २५० ते २५०० हर्ट्झएवढाच पट्टा नीट उतरतो. मा रेनीचा आवाज खर्जाकडचा, त्यामुळे तिच्या बऱ्याच स्वरांचा पाया या पट्ट्याच्या खाली राहतो. कान तो वरच्या उपस्वरांवरून जुळवून घेतो. वरच्या टोकाला स, श, त ही व्यंजनं गळतात, म्हणून शब्द कळत नाहीत. ही खरखर नव्हेच, हा अभाव आहे. तो कुठल्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही. बेसीची कंपनी कोलंबिया, तिने १९२५ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकची मायक्रोफोनची यंत्रणा घेतली, म्हणून बेसीचे शब्द कळतात. पॅरामाउंट मागे राहिली, आणि शिकागोतल्या ऑरलँडो मार्श यांच्या स्टुडिओत झालेली सुरुवातीची विजेवरची मुद्रणंही कधी बरी, कधी गढूळ अशीच निघाली.

दुसरी गोष्ट मालाची. तबकडी म्हणजे लाख आणि दगडी भुकटीचं मिश्रण (लाख बहुतेक भारतातूनच जायची). पॅरामाउंटच्या ग्राफ्टनमधल्या कारखान्यात ते मिश्रण हलक्यातलं असायचं, त्यामुळे तबकडी कोरी असतानाही सूं असा एकसारखा आवाज येतो. हा आवाज सगळ्या गाण्यात सारखाच राहतो, म्हणून थोडा कमी करता येतो.

तिसरी गोष्ट झिजेची, आणि खरी डोकेदुखी हीच. जड साउंडबॉक्स आणि पोलादी सुई यांनी प्रत्येक वेळी खाच थोडी थोडी खरवडली जायची. जोरकस जागी भिंती आधी तुटतात, म्हणून ती आवाज लावते नेमकं तिथेच गाणं फाटतं. जे गाणं जास्त लाडकं, त्याच्या प्रती जास्त झिजलेल्या. मूळ धातूचे साचे राहिले असते तर नवी प्रत काढता आली असती, पण १९३० च्या दशकात कंपनी बुडाली आणि साचे भंगारात गेले. आज जे ऐकतो ते कुणाच्या तरी घरी वाजवून वाजवून जुन्या झालेल्या तबकड्यांवरून उतरवलेलं आहे.

म्हणून गाणं निवडण्याआधी प्रत निवडा. एकाच गाण्याच्या दोन-तीन प्रती लावून पाहा. ज्यात मागची सळसळ अजिबात नाही ती आधी बाजूला ठेवा. सळसळ गाळताना तिची उरलीसुरली व्यंजनंही गाळलेली असतात आणि आवाज उशीत तोंड खुपसून गायल्यासारखा होतो. थोडी सळसळ असलेली प्रत दहा मिनिटांत कानाला सवयीची होते. मग पेटी घेऊन स्वर जुळवा. दोन पट्ट्यांच्या मधेच सूर अडकत असेल तर उतरवताना वेग चुकल्याचा दाट संशय घ्या: मिनिटाला ७८ फेऱ्यांत साडेचार फेऱ्यांची चूक झाली की गाणं जवळजवळ एक पट्टी सरकतं आणि बाई उगाच तरुण किंवा थकलेली वाटते.

मूळ तबकडी हाती लागलीच तर एलपीची सुई लावू नका. ती ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), खाचेच्या तळाशी जाऊन फक्त धूळ वाचते. इथे ३ मिलची लागते, आणि झिजलेल्या प्रतीला किंचित जाड किंवा बारीक सुई लावली की भिंतीचा न झिजलेला भाग सापडतो. दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो करा. खाच आडवी कापलेली असल्यामुळे उभ्या हालचालीतून येणारा आवाज नुसता गोंगाट असतो, तो तिथेच कटतो. फोनो प्रीॲम्पची आरआयएए भरपाई (एलपीसाठी ठरवलेली खर्ज-तार स्वरांची दुरुस्ती) भोंग्याच्या मुद्रणाला लागू नाही, ती बंद ठेवा. आणि स्पिरिटने पुसायला जाऊ नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर आणि साबणाचा एखादा थेंब, बस.

आता क्रम. बहुतेक याद्या १९२३ पासून सुरू होतात, आणि नवा माणूस तिथेच पळतो. उलटं जा. १९२८ च्या उत्तरार्धातली, जॉर्जिया टॉम म्हणजे थॉमस डॉर्सीचा पियानो आणि टॅम्पा रेडची बॉटलनेक गिटार (बोटात नळी घालून तारांवर घसरवत वाजवायची) असलेली गाणी आधी घ्या: 'डॅडी गुडबाय ब्लूज', 'ब्लेम इट ऑन द ब्लूज'. विजेवरचं मुद्रण, दोनच वाद्यं, आवाज पुढे. तिथून त्याच वर्षीच्या जूनमधल्या जग (फुंकून वाजवायचा मोठा कुजा) आणि वॉशबोर्ड (कपडे धुवायची खाचांची फळी) बँडकडे या, म्हणजे 'प्रूव्ह इट ऑन मी ब्लूज'. बायकांवरच्या प्रेमाबद्दल ही बाई १९२८ मध्ये इतकं बेधडक गाते, आणि पॅरामाउंटनेही जाहिरातीत तिला पुरुषी कोट-हॅटमध्ये, पोलिसाच्या नजरेखाली उभी दाखवली.

त्यानंतर ऑक्टोबर १९२४, न्यूयॉर्क: 'सी सी रायडर ब्लूज'. फ्लेचर हेंडरसनच्या मंडळींची साथ, कॉर्नेटवर लुई आर्मस्ट्राँग. यावर वेळ घालवा. सुरुवातीचा तुकडा नाटकी प्रस्तावनेसारखा आहे, तो ब्लूजच्या बारा बारच्या साच्यातला नाही. खरा ब्लूज त्याच्यानंतर सुरू होतो. एक आवर्तन बारा बारचं, बारमध्ये चार ठोके, म्हणजे ४८. दहा इंची तबकडीत तीन-सव्वातीन मिनिटंच मावतात, त्यामुळे या संथ लयीत मोजकीच आवर्तनं बसतात. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिसरी. प्रत्येक ओळ साधारण अडीच बारमध्ये संपते आणि उरलेल्या जागेत आर्मस्ट्राँग उत्तर देतो. गाणं दोनदा मुद्रित झालं आणि दोन्ही टेक उपलब्ध आहेत. कॉर्नेटची उत्तरं लागोपाठ ताडून पाहा. लेबलाजवळच्या मोकळ्या कड्यात १९२५ असा आकडा दिसला तर ते साल समजू नका, तो मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे कंपनीने त्या मुद्रणाला दिलेला क्रमांक आहे. त्यापुढच्या -१ किंवा -२ वरून टेक ओळखायचा.

डिसेंबर १९२३ ची आठ गाणी सगळ्यात शेवटी. तोवर कानाला तिची ढब कळलेली असते, आणि 'बो-वीव्हिल ब्लूज'मधले न ऐकू येणारे शब्दसुद्धा बरेचसे आपोआप लागतात.