दोन सिलिंडर आणि थोडी हौस

रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर घेऊन मला तीन वर्षे झाली. तिच्या 648 सीसी इंजिनात दोन सिलिंडर शेजारी-शेजारी असले, तरी क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरत्या गतीत बदलणारा दांडा) 270 अंशांचा असल्यामुळे ते समान अंतराने पेटत नाहीत. एक 270 अंशांनंतर, तर दुसरा 450 अंशांनंतर पेटतो आणि त्यातूनच व्ही-ट्विनसारखी (‘V’ आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनासारखी) ती भारदस्त, किंचित अडखळती धडधड उमटते. ती ऐकल्यावर मोकळ्या आवाजाचा सायलेन्सर बसवण्याचा मोह मलाही झाला. परंतु गाडीतल्या फेरफारांवर निर्बंध घालणारे मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आणि शेजारच्या आजोबांची दुपारची झोप, या दोहोंचा मान राखून मी सायलेन्सरची मूळची जोडी तशीच ठेवली.

लेगगार्ड मात्र मी स्वस्तात घेतला आणि फसलो. ताम्हिणी घाटात तो खडखडू लागला, तेव्हा त्याचे क्लॅम्प चासीवर नीट बसतच नव्हते, हे ध्यानात आले. हँडल राइझर (त्याखाली बसवायचे उंचीचे तुकडे) लावून उंच केले, तेव्हा ते दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून क्लचची केबल आणि ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हे आधी तपासले. दिसायला क्षुल्लक असले, तरी हे काम टाळू नये.

साडीगार्ड काढल्याने गाडी देखणी दिसते, असे मित्र सांगतात. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियम 123 नुसार तो आवश्यक आहे आणि आमच्याकडे मागे आईच बसते, त्यामुळे तो जागच्या जागी आहे.