ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर: दुकान आटोपशीर करताना अडकलेला मार्च

रावेर तालुक्यात आमचं पाइप आणि ठिबकच्या फिटिंगचं दुकान आहे. शेती मिस्टर पाहतात, दुकान माझ्या नावावर आहे आणि गल्ल्यावर मीच बसते. गेल्या दोन वर्षांत मी या दुकानाचा पसारा निम्म्यावर आणला. सिमेंट बंद, रंग बंद, कूलर बंद. भाड्याचं गोडाऊन सोडलं, मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरला जाणारा माल थांबवला आणि जीएसटीत कंपोझिशन, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीची सोपी करयोजना, घेतलं. विक्री घटली, पण हातात राहणारा पैसा वाढला आणि रात्रीची झोप परत आली. यातलं बहुतेक काम कोणत्याही दुकानदाराला जमण्यासारखं आहे. एका ठिकाणी मात्र मी अशी अडकले की त्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून लिहायला बसले.

आधी काय ठेवायचं आणि काय काढायचं ते सांगते. मी विक्रीचा आकडा पाहिलाच नाही. एक साधी वही घेतली आणि प्रत्येक आयटमपुढे दोनच गोष्टी लिहिल्या: किती सुटतात, आणि पैसा किती दिवसांनी गल्ल्यात परत येतो. सिमेंटचं पोतं रोज विकलं जायचं, पण सुटायचं नावापुरतं. वर हमाली, पावसाळ्यात ओल लागून धरलेली पोती, आणि उधारी. कूलर एप्रिल-मेमध्ये हातोहात जायचे, आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा जाणारच. पण पहिला पाऊस पडला की उरलेले कूलर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गोडाऊनमध्ये, आणि त्यांच्यासाठी गोडाऊनचं भाडं बारा महिने.

एल्बो, टी, जॉइनर, ग्रोमेट, बॉल व्हॉल्व्ह, फिल्टरची जाळी हा माल दिसायला किरकोळ. पण ज्याची लाइन फुटली तो शेतकरी मोटार बंद करून मोटरसायकलवर येतो. केळीला उन्हाळ्यात पाण्याचा खाडा चालत नाही. तो भाव करत बसत नाही आणि उधारही मागत नाही. उलट पाइपाची बंडलं नेणारा म्हणणार, "ताई, माल तं नेतो, पन पैसे केळी कटल्यावर." लावणीपासून कापणीपर्यंत वर्ष जातं. तोवर माझा पैसा त्याच्या वावरात पुरलेला. कापणीच्या वेळी भाव पडलेला असला की त्याच्याकडे मागायला जीभ रेटत नाही, आणि न मागून माझं भागत नाही. या दुकानात जेवढा ताण होता, त्यातला निम्मा या बंडलांचा होता.

म्हणून फिटिंग ठेवलं, ठिबकच्या नळ्या रोखीवर ठेवल्या, बाकी काढलं. जुन्या उधारीसाठी आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची, मुदत दिली. सालदाराचं साल आमच्याकडे आखाजीला बदलतं, त्यामुळे त्या दिवशी हिशोब मिटवायचा हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सगळी वसूल झाली नाही, पण बरीच झाली.

आता कंपोझिशन. वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असलेल्या व्यापाऱ्याला ही योजना घेता येते. विक्रीवर एक टक्का कर आपल्या खिशातून भरायचा, ग्राहकाकडून वेगळा कर घ्यायचा नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नाही. माझं गिऱ्हाईक शेतकरी. त्याला क्रेडिटचा उपयोग नाही, त्याला एकच आकडा कळतो: शेवटी किती द्यायचे. समजा एखादी वस्तू मला 100 अधिक 18 टक्के कर, म्हणजे 118 ला पडली आणि गिऱ्हाइकाला मी ती सगळं धरून 140 ला दिली. रेग्युलरमध्ये, म्हणजे नेहमीच्या जीएसटीत, त्या 140 मधून कराचा फरक 3 रुपये 36 पैसे भरून माझ्याकडे 18 रुपये 64 पैसे राहतात. कंपोझिशनमध्ये 1 रुपया 40 पैसे भरले की 20 रुपये 60 पैसे राहतात. पण तीच वस्तू 125 ला विकावी लागत असेल तर चित्र उलटं होतं: रेग्युलरमध्ये 5 रुपये 93 पैसे, कंपोझिशनमध्ये 5 रुपये 75 पैसे. म्हणजे मार्जिन पातळ असेल तर कंपोझिशन परवडत नाही. सिमेंट आणि बंडलं आधी काढली म्हणून मला ते परवडलं. क्रम उलटा केला असता तर परवडलं नसतं. कुणी विचारलं की मी आधी हेच सांगते.

दुसरी अट आमच्या सीमेवरच्या गावांना लागते. कंपोझिशनवाल्याला दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही. बऱ्हाणपूर आम्हाला जळगावपेक्षा जवळ, तिथले दोन-तीन दुकानदार माझ्याकडून फिटिंग मागवायचे. ते सोडलं. त्यांचेही पैसे वेळेवर येत नव्हतेच, त्यामुळे जड गेलं नाही. बाहेरच्या राज्यातून माल विकत घ्यायला मात्र अडचण नाही, सुरत-इंदूरचा माल आजही येतो. आमच्या बाजारात या दोन गोष्टींची सारखी गल्लत होते.

इथपर्यंत सगळं माझ्या हातात होतं. कंपोझिशनचा अर्ज, सीएमपी-02, नवं आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी, म्हणजे 31 मार्चपर्यंत भरावा लागतो. तो चुकला की पुढचं पूर्ण वर्ष रेग्युलरमध्येच. जीएसटीच्या पोर्टलवर हा अर्ज म्हणजे थोड्या वेळाचं काम. पण लॉगिन लागतं, आणि शेवटी ओटीपी लागतो. माझ्या जीएसटीचा ओटीपी माझ्या फोनवर येतच नव्हता.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा आधीच्या व्हॅट कराचे नंबर बदलून घ्यायची गर्दी उडाली होती. आमच्या भागातल्या एका कर सल्लागाराने शेकडो दुकानदारांची नोंदणी केली आणि सगळीकडे मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाकला. तेव्हा निम्म्या दुकानदारांकडे ईमेल नव्हता, सोय म्हणून ते चाललं. दर महिन्याचं रिटर्न तोच भरायचा, ओटीपी त्याच्याकडेच यायचा. कंपोझिशनचं विचारलं की "बघू, घाई काय आहे" म्हणायचा. कंपोझिशनमध्ये महिन्याची बारा रिटर्नं गेली की त्याची फी जाणार हे मला कळत होतं. मग थंडीत त्याने ऑफिस बंद केलं, गाव सोडलं आणि फोनही बंद झाला. पासवर्ड त्याच्याकडे. "फरगॉट पासवर्ड" केलं तरी ओटीपी त्याच्याच बंद नंबरावर. मार्चमध्ये फेब्रुवारीचं रिटर्न भरायची 20 तारीख उलटली आणि रोजचे 50 रुपये लेट फी सुरू झाली. आणि पुढे 31 तारीख.

पोर्टलच्या हेल्पडेस्कला फोन केला. त्यांनी सांगितलं, तुमच्या अधिकाऱ्याकडे जा. ऑफिसात गेले. (कुठलं ऑफिस ते लिहीत नाही.) खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, हे पोर्टलचं काम आहे, हेल्पडेस्कला फोन करा. पुन्हा हेल्पडेस्क, पुन्हा तेच उत्तर. नंतर कळलं की ते ऑफिसच माझं नव्हतं. जीएसटीत काही दुकानदार राज्याच्या अधिकाऱ्यांकडे असतात, काही केंद्राच्या. बाजारात सगळे "सेल्स टॅक्स ऑफिसात जा" एवढंच सांगतात. आपलं कुठलं हे पाहायला लॉगिन लागत नाही. पोर्टलवर "सर्च टॅक्सपेयर"मध्ये आपला जीएसटी नंबर टाकला की "ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिस" म्हणून एक नाव येतं आणि "अदर ऑफिस" म्हणून दुसरं. पहिलं आपलं. खिडकीवरच्या माणसाने नंबर टाकून एवढं पाहिलं असतं तर त्याचं एक मिनिट गेलं असतं. माझा एसटीचा अख्खा दिवस वाचला असता.

माझ्या ऑफिसात गेले तर साहेब मीटिंगला. नंतर साहेब दौऱ्यावर. मार्च एंड आहे, वसुलीचं टार्गेट आहे, ताई तुम्ही एप्रिलमध्ये या. एप्रिलमध्ये येऊन मी काय करणार होते? हे मी तिथे प्रत्येकाला विचारलं. उत्तर कुणीच दिलं नाही. एकाने विचारलं, "मालक कुठे आहेत? त्यांना पाठवा, मालकाची सही लागेल." मी नोंदणीचा दाखला पुढे केला आणि त्यावरचं माझं नाव दाखवलं. त्याने ते वाचलं आणि तरी म्हणाला, "हो, पण व्यवहार कोण पाहतं?" त्या क्षणी मी आवाज चढवला. त्याचं मला काहीही वाटत नाही.

मग कागद. पॅन, आधार, नोंदणीचा दाखला, लाइट बिल, बँकेचा रद्द केलेला चेक, सगळं होतं. अडलं गुमास्त्यावर. त्यांना शॉप ॲक्टचं जुन्या पद्धतीचं लायसन्स हवं होतं. महाराष्ट्रात 2017 चा नवा दुकाने व आस्थापना कायदा आल्यापासून माझ्यासारख्या मोजकेच कामगार असलेल्या दुकानाला लायसन्स काढावंच लागत नाही, ऑनलाइन माहिती कळवली की पावती मिळते. माझ्याकडे ती पावती होती. "हे लायसन्स नाही" म्हणून ती बाजूला ठेवली. ते लायसन्स नाहीच आणि लागतही नाही, हे सरकारी माणसाला मी का सांगावं?

सुटका झाली ती एका छापील कागदामुळे. आमचा भाचा जळगावला सीएकडे आर्टिकलशिप करतो. तो म्हणाला, "मामी, ही तुझ्या एकटीची भानगड नाहीये, 2018 मध्ये सरकारने याच गोष्टीवर पत्रक काढलंय." सल्लागारांनी नोंदणी करताना स्वतःचेच नंबर टाकले आणि आता दुकानदारांना लॉगिन मिळत नाही, अशा तक्रारी देशभरातून आल्या होत्या. म्हणून पद्धत ठरवून दिली: दुकानदाराने आपल्या अधिकाऱ्याकडे ओळखीची आणि व्यवसायाची कागदपत्रं घेऊन जायचं, अधिकाऱ्याने ती तपासून पोर्टलवर चढवायची, नवा मोबाइल आणि ईमेल टाकायचा आणि पासवर्ड रीसेट करायचा. त्याची प्रिंट काढली. अर्ज मराठीत लिहिला, विषयात पत्रकाचा उल्लेख केला, खाली 31 मार्चची मुदत आणि रोजची लेट फी लिहिली. तो खिडकीवर दिलाच नाही. टपाल घेतात त्या आवक विभागात नेला आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला. शिक्का द्यायलाही कां-कूं झाली, मी तिथून हलले नाही.

शिक्क्याची प्रत घेऊन थेट अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये गेले. त्या दिवशी एक नवीन बाई बसलेल्या होत्या. त्यांनी प्रिंट वाचली, पावती पाहिली, "ही चालते" म्हणाल्या, माझ्याकडून नंबर आणि ईमेल विचारून घेतला आणि माझ्यासमोर काम केलं. चहा येईपर्यंत झालं होतं. घरी पोचायच्या आत ईमेलवर युजरनेम आणि तात्पुरता पासवर्ड आला. इतके दिवस मला ज्यासाठी फिरवलं ते काम एवढंच होतं. बाहेर येऊन मला आनंद झाला नाही, संताप आला.

त्याच रात्री भाच्याला फोनवर धरून थकलेलं रिटर्न भरलं, लेट फी भरली आणि सीएमपी-02 टाकला. ओटीपी माझ्या मोबाइलवर वाजला. मुदतीला थोडेच दिवस राहिले होते.

तुमचा सल्लागार अजून गावात असेल, फोन उचलत असेल, तर आजच विचारा की ओटीपी कुणाकडे येतो. लॉगिन हातात असताना नंबर बदलणं "नॉन-कोअर", म्हणजे किरकोळ तपशिलाच्या, दुरुस्तीत घरबसल्या होतं, अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. जुना नंबर चालू आहे तोवर ते उरकून घ्या. माणूस कितीही चांगला असो, मोबाइल आणि ईमेल आपला हवा. फी त्याला द्या, ओटीपी देऊ नका.

अर्ज भरला म्हणजे संपलं नाही. 31 मार्चला दुकानात जो माल शिल्लक असेल, त्यावर आधी घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं. त्याचा फॉर्म आयटीसी-03, एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून 60 दिवसांत. म्हणून पडून राहिलेला माल मार्चच्या आतच काढा. मी उरलेले कूलर आणि रंगाचे डबे खरेदीच्या भावात दिले. त्यामुळे गोडाऊनही त्याच महिन्यात रिकामं झालं, हा दुहेरी फायदा.

बिलबुकं नवीन छापा. टॅक्स इन्व्हॉइस चालत नाही, "बिल ऑफ सप्लाय" लागतं, आणि त्यावर कंपोझिशनवाले आहोत, कर वसूल करायला पात्र नाही, हे वाक्य वरच छापावं लागतं. दुकानाच्या पाटीवरही "कंपोझिशन टॅक्सेबल पर्सन" लिहावं लागतं. आमच्या पेंटरने ते पिवळ्या रंगात मोठं काढून दिलं. मला ते आवडलं.

आता तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या 18 तारखेपर्यंत सीएमपी-08, म्हणजे तिमाहीच्या कराचा फॉर्म, भरते, आणि वर्षातून एकदा 30 जूनपर्यंत जीएसटीआर-4 हे वार्षिक रिटर्न. दोन्ही मी स्वतः भरते, गल्ल्यावर बसून, दुपारी गिऱ्हाईक नसताना.