सिंगल काढली, मग रन कुठाय?

बेसबॉलमधली सिंगल म्हणजे काय, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भारतातून आलेल्या ज्या ज्या पाहुण्याला मी सिअ‍ॅटलला बेसबॉल बघायला नेतो, तो दुसऱ्या-तिसऱ्या इनिंगला हेच विचारतो. मागच्या उन्हाळ्यात मामा आले होते. उभा जन्म नाशिकला क्लब क्रिकेटमध्ये गेलेला माणूस. बॅटरने चेंडू शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या फिल्डरच्या, डोक्यावरून मारला, पहिला बेस गाठला, लोकांनी टाळ्या पिटल्या. मामांनी बोर्डाकडे पाहिलं. शून्य. "अरे, सिंगल काढली ना त्याने? मग रन कुठाय?"

रन नाही, मामा. मिळाला तो फक्त पहिला बेस, होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, ९० फुटांवरचा. तिथून दुसरा, तिसरा आणि परत होम प्लेट, एवढं झालं की एक रन. आपली सिंगल लगेच खिशात पडते, ही उधारीची. वसुली बहुतेक वेळा मागून येणाऱ्या बॅटरच्या भरवशावर. तोवर तीन जण आउट झाले, की गडी बेसवरून हात हलवत परत.

शिवाय इथे "नो, नो" ओरडून पार्टनरला परत पाठवायची सोय नाही. चेंडू फेअर, म्हणजे मैदानाच्या दोन रेषांच्या आत, पडला की पळायचंच.

फटका देखणा असावा लागतो असंही नाही. २००१ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा आणि शेवटचा सामना, नववी इनिंग, २-२, तिन्ही बेसवर माणसं. समोर चेंडू टाकायला न्यूयॉर्क यँकीजचा मारियानो रिवेरा. फिल्डर पुढे ओढलेले. ऍरिझोनाच्या लुईस गोन्झालेझचा चेंडू जेमतेम यँकीजचा शॉर्टस्टॉप डेरेक जेटरच्या मागे गवतावर टपकला. गल्लीत असा फटका मारला तर पोरं हसतील. ऍरिझोना त्यावर चॅम्पियन झाली.

माझा जीव मात्र सिअ‍ॅटल मरिनर्सचा जपानी बॅटर इचिरो सुझुकीवर. २००४ च्या एका मोसमात त्याने २६२ हिट काढले, म्हणजे तितक्यांदा फटका मारून बेस गाठला, त्यांतल्या २२५ सिंगल. जॉर्ज सिस्लरचा १९२० पासूनचा २५७ चा विक्रम त्याने इथेच, सिअ‍ॅटलमध्ये मोडला, तोही सिंगल मारूनच. डावखुरा, म्हणजे पहिल्या बेसला मुळातच पाऊलभर जवळ. त्यात बॅट फिरत असतानाच त्याचं अंग बेसकडे झुकलेलं. शॉर्टस्टॉपने घरंगळता चेंडू उचलून फेकेपर्यंत हा बेस ओलांडून पुढे. पहिला बेस ओलांडला तरी चालतं, तिथे थांबायची सक्ती नाही. होमरनवाले, म्हणजे आपल्या सिक्सरसारख्या फटक्यांचे चाहते, माझे मित्र याला चिल्लर म्हणतात. म्हणोत. सव्वादोनशे वेळा तोच चोरटेपणा जमवायला काय लागतं, ते दादरच्या लोकलमध्ये रोज चढणाऱ्याला विचारा.

हे सगळं मी सांगतोय तोवर पुढच्या बॅटरने सरळ शॉर्टस्टॉपकडे मारला. पहिल्या बेसवरून पळालेला गडी दुसऱ्या बेसवर आउट, मारणारा पहिल्यावर.

"बुडाली की रे उधारी," मामा म्हणाले आणि पुढची शेंग फोडली.